पान एकशे बारा

लंडनच्या वकिलांचं पत्र आलं. जाड कागद,
आणि मी मिस भांबळ, तर पाकिटावर मिस्टर.
सर एडमंड हॅदरली, सातवे बॅरोनेट, नव्वदाव्या वर्षी वारले.
मागे चार मुली. चारही धडधाकट, एक तर म्हणे न्यायाधीश,
पण किताब मुलींपाशी थांबत नाही,
एक्स्प्रेस सिथौलीला थांबत नाही तसा.

तेव्हा कृपया कळवावं:
त्यांच्या पणजोबांचे धाकटे भाऊ, कॅप्टन फ्रान्सिस,
मुरारच्या कबरस्तानात आहेत का,
आणि असल्यास औरस पुत्र मागे ठेवून गेले का.
नसल्यास किताब जाईल कॅनडातल्या एका गृहस्थाकडे,
जो ट्रॅक्टर दुरुस्त करतो
आणि पत्रांना उत्तर देत नाही.

आहेत. उत्तरेच्या भिंतीशी, बाभळीखाली.
दगड इथल्याच खाणीतला. अक्षरांत शिसं होतं
ते कुणी उकरून नेलं,
आता ‘लाडका पुत्र’ बोटांनी चाचपून वाचावं लागतं.
शेरडं वर चढतात. मी हाकलत नाही.
गवत कापायचे पैसे मिशनकडून तीन वर्षं आलेले नाहीत.

वडील इथे चौकीदार. हजेरीपटावर हुद्दा मात्र ‘माळी’,
कारण चौकीदाराला दोन रुपये जास्त द्यावे लागत.
ते गेले त्या संध्याकाळी किल्ल्या माझ्या पदराला आल्या.
मुलगा की मुलगी, कुणी विचारलं नाही.

आमच्या लष्करात सरदारांची रीत निराळी.
पोटी मूल नसलं की मुहूर्त काढायचा,
भावकीतलं एखादं शेंबडं पोर मांडीवर घ्यायचं,
पेढे वाटायचे, दरबारात नजराणा भरायचा,
पोर उठायचं ते सरदार होऊनच.
विलायतेत मांडीला किंमत नाही. रक्त लागतं,
आणि रक्ताला लग्नाचा कागद.

म्हणून कपाट उघडलं, डांबराच्या गोळ्या बाजूला सारल्या.
सन १८५९. बाप्तिस्मा: हेन्री. वडील: कॅप्टन. आई: रोझा.
पुढे आडनावाच्या जागी शाईचा नुसता ठिपका,
टाक तिथे जरा वेळ थांबलेला.
लग्नं पान एकशे अकरापासून.
एकशे बारा वाळवीने खाल्लंय,
कडेचा समास तेवढा उरला,
त्यावर मोडीत दोन ओळी.

मोडी मला येत नाही. वही पिशवीत घातली,
टेंपोने जिवाजीगंज, टिळवे मास्तरांकडे.
मास्तरांनी भिंग धरलं. चहा निवला.
‘राधी, कंपूतली. कप्तानाशी लग्न लागलं.
मी तिथे होतो.’
सही?
सही नाही. मास्तर म्हणाले, पंखा ओढणारा असेल,
नाहीतर घंटेवाला. साक्षीला कुणी बोलावलं नसेल,
त्याचं त्यालाच राहवलं नाही.

मी जसंच्या तसं लिहून पाठवलं.
दोन महिन्यांनी उत्तर: अनामिक देशी हस्ताक्षर ग्राह्य नाही.
तसदीबद्दल आभार. सोबत पंचवीस पौंडांचा चेक,
मिस्टर भांबळ यांच्या नावे.
बँकेने वटवला नाही.

हेन्रीच्या दफनाची नोंद मात्र कुठेच नाही.
तीन वह्या चाळल्या, उन्हाळा गेला त्यात.
म्हणजे आमच्या दप्तरी तो अजून जिवंत आहे,
आठवा किंवा नववा, जो काही लागत असेल तो,
इथेच कुठेतरी रेशनच्या रांगेत.

सदर बाजाराच्या कोपऱ्यावर पंक्चरवाला बसतो,
घाऱ्या डोळ्यांचा. काल सायकल लावत म्हटलं,
‘सर, जरा मागचं चाक बघता का?’
त्याने हात पुसले. ‘दीदी, आज सर कैसे?’
मी काही बोलले नाही.
टायरमधून खिळा निघाला, बोटभर लांब.